एका श्वासात बावीस

"वर बघा, आक्का. माझ्या बोटाकडे. पापणी मिटायची नाही हां."

"बगतीया की."

"इर्शाद, वेळ लाव."

माझ्याच बॅचच्या इर्शादने मनगटी घड्याळाचं बटण दाबलं. हौसाक्का पलंगावर बसून माझ्या बोटाकडे टक लावून बघत होत्या. बाराव्या सेकंदाला त्यांची उजवी पापणी थरथरली, विसाव्याला निम्मी खाली आली, आणि माझ्या मनात लाडू फुटले. वहीत लिहिलं होतं अगदी तस्सं. इर्शाद परीक्षकाच्या आवाजात म्हणाला, "वा, डॉक्टर तुपे. पुढे चला." आम्ही दोघं हसलो. आक्काही हसल्या, पण त्यांचं हसू ओठांपर्यंत पुरतं आलंच नाही. तेही वहीत लिहिलेलं होतं.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. तिथले निम्मे लोक अजून नोकरीत आहेत आणि मला त्यांच्या मुलींच्या लग्नाला जायचं असतं. मी तेव्हा मेंदूविकार विभागात शिकत होते. एम.डी. झाल्यावर आणखी तीन वर्षं घासून मिळणारी डी.एम. ही पदवी, तिची परीक्षा सोळा दिवसांवर आली होती. मी त्या परीक्षेत एकदा नापास झालेली होते. लेखी उत्तम गेलं होतं. प्रात्यक्षिकात मात्र तीन परीक्षक समोर उभे राहिले, पेशंट माझ्याकडे बघत राहिला आणि माझी दातखीळ बसली. वडिलांना फोनवर "नाही झालं" एवढं सांगायला मला वीस मिनिटं लागली होती. त्यांनी निकालाआधीच घरावर लावायची पाटी करून आणली होती, 'डॉ. हेमांगी तुपे, मेंदूविकारतज्ज्ञ'. ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या पलंगाखाली ठेवलेली आहे हे मला आईने सांगितलं होतं. दुसऱ्यांदा तो फोन मी करू शकले नसते. हे मी आज मोठेपणाने सांगतेय असं नाही, खरंच करू शकले नसते.

तेव्हा मी अभ्यास कसा करायचे ते ऐकलं तर आजची मुलं हसतील. वसतिगृहातल्या खोलीच्या दारावर मेंदूच्या देठाची आडवी चित्रं चिकटवलेली होती. न्हाणीघरात साबणाच्या वर मज्जातंतूंची यादी होती, ओली होऊ नये म्हणून दुधाच्या पिशवीत घातलेली. चार-चार शब्दांच्या पुठ्ठ्याच्या पत्त्या मी एप्रनच्या खिशात ठेवायचे आणि मेसच्या रांगेत त्या पिसत उभी राहायचे. जाड ग्रंथ तीनदा वाचून झाला होता. पण या सगळ्याच्या वर होती ती लाल वही.

ती वही कुणी सुरू केली हे आम्हांला ठाऊक नव्हतं. बॅचमागून बॅच ती पुढे येत गेली होती, आठ-दहा हातांच्या अक्षरांनी भरलेली. आमच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं येणारे जे जुने पेशंट होते, त्यांतल्या प्रत्येकाला वहीत एक पान होतं: काय तपासायचं, काय सापडेल, परीक्षक कुठे अडवतील. कारण परीक्षेला हेच पेशंट बोलावले जात. पुस्तकात आजार असतो, वहीत माणूस आहे, असं आमचा एक सीनियर म्हणायचा. वही हातात आली त्या दिवशी मी तिला हळदकुंकू लावायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं.

हौसाबाई मगदूम यांचं पान सव्विसावं. शिरोळकडच्या एका गावात शाळेतली खिचडी शिजवणाऱ्या, वय अठ्ठेचाळीस. त्यांना जो आजार होता त्यात नस ठीक असते, स्नायूही ठीक असतो, पण नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. सकाळी माणूस बरा असतो आणि वापरेल तसा थकत जातो. पापणी पडते, घास गिळवत नाही, आवाज नाकातून येतो. आणि श्वास घ्यायचा म्हणजे तोही स्नायूंनीच घ्यायचा असतो. दिवसातून चार वेळा एक छोटी गोळी घेतली की सगळं पुन्हा जागेवर येतं. गोळी घेतलेली हौसाक्का वीस शेर तांदळाची खिचडी एकटी ढवळायची. त्यामुळे आमची पंचाईत व्हायची. गोळी पोटात असताना पेशंटमध्ये दाखवायला काही उरायचंच नाही.

म्हणून सव्विसाव्या पानावर सगळ्यांत वर, जुन्या निळ्या शाईत एक ओळ होती: 'परीक्षेच्या सकाळी पहिली गोळी थांबवावी. लक्षणे सुरेख दिसतात.'

हौसाक्का त्या आठवड्यात खोकला आणि तापासाठी भरती होत्या. ताप उतरला होता, खोकला रेंगाळत होता, सोमवारी घरी सोडायचं ठरलं होतं. मी शनिवारी संध्याकाळी त्यांच्यापाशी गेले.

"आक्का, उद्या सकाळी आमची प्रॅक्टिस आहे. साडेसहाची गोळी जरा थांबवूया का? दहा वाजता मी स्वतः देते."

"परीक्षा हाय व्हय तुजी?"

"सोळा दिवसांनी."

"मागल्या बारीला आपटलीस न्हवं?" सगळ्या वॉर्डाला माहीत होतं ते. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग घे की. सा पोरं पास केल्याती म्या. तू सातवी."

पाटोळे सिस्टरांनी कुरकुर केली. "मॅडम, खोकला आहे अजून त्यांना. लेखी द्या मला तसं." मी म्हटलं, "सिस्टर, तीन-साडेतीन तासांचा तर प्रश्न आहे, लेखी कसलं मागताय?" त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधून आक्कांच्या कपाटावर ठेवून दिली. वहीत खोकल्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मीही त्याचा विचार केला नाही.

तर रविवारची ती सकाळ. पापणी झाली. मग मी आक्कांना दोन्ही हात समोर धरायला लावले. दोन मिनिटं धरवायचे असतात, एक मिनिट दहा सेकंदांनी खाली आले. शंभरपर्यंत मोजायला लावलं. साठाच्या पुढे आवाज नाकातून यायला लागला, ऐंशीला कळेनासा झाला. इर्शाद मधेमधे परीक्षकासारखा खवचट प्रश्न टाकत होता आणि मला प्रत्येकाचं उत्तर येत होतं. दातखीळ कुठल्या कुठे पळाली होती. इतकं छान माझं आयुष्यात कधी झालं नव्हतं. आक्कांच्या कपाळावर घाम आला होता. पंखा हळू फिरतोय असं मला वाटलं.

"पडू का जरा?" त्या म्हणाल्या. निदान मला तसं ऐकू आलं.

"हो हो, पडा. आता पडूनच तपासायचंय."

त्या आडव्या झाल्या. इर्शादने घड्याळ पाहिलं. "डॉक्टर तुपे, चार मिनिटं उरलीत. श्वसनाचं काय?"

श्वास तपासायची आमची एक साधी, जुनी रीत आहे. पेशंटने छाती भरून श्वास घ्यायचा आणि त्याच एका श्वासात एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजत जायचं. पस्तीस-चाळीसपर्यंत गेला तर चिंता नाही. पंधराच्या खाली आला तर धावपळ करायची. तपासायला अर्धं मिनिट लागतं. पण त्या अर्ध्या मिनिटात मला निदानाची चर्चा सुरू करता आली असती, आणि आकडा तर मला पाठच होता. सव्विसाव्या पानावर, डाव्या कोपऱ्यात.

"एका श्वासात मोजणी बावीस, सर," मी खणखणीत आवाजात म्हटलं. "श्वसन सध्या समाधानकारक. आता निदानाकडे वळते."

आणि मी वळले. आक्कांकडे पाठ करून, हात मागे बांधून, समोरच्या भिंतीला तीन परीक्षक समजून बोलायला लागले. बरं चाललं होतं. मग इर्शाद माझ्या बोलण्याकडे लक्ष देईनासा झाला. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

"हेमांगी," तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. "आक्का काहीतरी सांगतायत."

मी वळून पाहिलं. हौसाक्का माझ्याकडे बघत होत्या. दोन्ही पापण्या पडलेल्या, फटीतून बुबुळं दिसत होती. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर आली होती, ती त्यांना गिळता येत नव्हती. त्या मान हलवत होत्या, नाही म्हणून. इतकी थोडी, की मी वाकले नसते तर कळलंच नसतं. मग त्यांनी उजवा हात चादरीवरून जेमतेम वीतभर उचलला. अंगठा आत मुडपलेला, चार बोटं उभी.

चार.

सहा पोरं पास केलेल्या बाई होत्या त्या. बावीस म्हणजे काय आणि ते कुठे सांगायचं असतं, त्यांना पुरतं माहीत होतं. मी विचारलं नाही म्हणून त्यांनी स्वतःच मोजलं होतं, मनातल्या मनात, आणि मला चुकीचं उत्तर देताना बघून त्या मला दुरुस्त करत होत्या.

मी घाबरले, असं म्हणून भागणार नाही.  चादर खाली ओढली तर श्वास घेताना पोट वर यायच्याऐवजी आत जात होतं. हा सगळा प्रकार मी दहा वेळा वाचला होता, पत्तीवर लिहिला होता, त्या पत्तीचा रंगसुद्धा आठवत होता, पिवळा. आणि मी उभी होते. इर्शादने मला खांद्याला धरून बाजूला ढकललं आणि ओरडला, "सिस्टर, ऑक्सिजन! पिशवी आणा!"

श्वासाचं यंत्र खालच्या मजल्यावरच्या अतिदक्षता कक्षात होतं. इर्शादने तोंडातून नळी घातली, पहिल्या खेपेला गेली नाही, दुसऱ्यांदा गेली. लिफ्टवाल्याची रविवारची सुट्टी. आम्ही ट्रॉली उतारावरून नेली, तो आणि पाटोळे सिस्टर ढकलत आणि मी शेजारून धावत, रबरी पिशवी दाबत. एक दाब म्हणजे एक श्वास. मी मोठ्याने मोजत होते. बावीसला पोचल्यावर माझा आवाज फुटला आणि मी पुन्हा एकपासून सुरू केलं. पाटोळे सिस्टर मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत हौसाक्का यंत्रावर स्थिर झाल्या. मी त्यांच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते. खरं सांगते, त्या जगतील की नाही याची भीती पहिल्या दोन तासांची. त्यानंतर जी आली ती वेगळी आणि जास्त घाणेरडी होती. कागदावर कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. पाटोळे सिस्टर दुपारी दोनला ड्युटी संपवून गेल्या, त्यांची तीन दिवसांची रजा होती. इर्शाद बोलणार नाही, मला माहीत होतं. खोकला होता, तापामुळे आजार बळावला, असं कुणीही मानलं असतं. परीक्षेला पंधरा दिवस होते. माझ्या डोक्यात हे सगळं आपोआप जुळत गेलं आणि मी त्याला अडवलं नाही.

सोमवारी सकाळी विभागप्रमुखांची फेरी झाली. डॉ. नाडगौडा सर म्हणजे उंच, कोरडे, खिशात एक सेफ्टी पिन आणि एक किल्ली एवढंच बाळगणारे गृहस्थ. त्या दोन वस्तूंनी ते मेंदूतला कुठलाही बिघाड शोधून काढायचे. त्यांना रागवायला आवाज चढवावा लागत नसे. वॉर्डातून आक्कांचं सामान कुणीतरी खाली आणून ठेवलं होतं: डबा, शाल, चष्मा आणि कागदाची ती पुडी. सरांनी ती उचलून उघडली.

"ही सकाळची गोळी. इथे कशी?"

 इर्शादने जमिनीकडे पाहिलं.

"बाई, गोळी घेतली नव्हती तुम्ही काल?"

तोंडात नळी असलेला माणूस बोलू शकत नाही. आक्कांनी हाताने लिहायची खूण केली. नवीन सिस्टरनी तापाच्या तक्त्याची मागची बाजू आणि पेन पुढे धरलं. माझे कान गरम झाले. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि अक्षर मोठं काढायच्या. खूप वेळ लागला. मला प्रत्येक अक्षर उलटं दिसत होतं आणि वाचता येत नव्हतं.

सरांनी मोठ्याने वाचलं. "मीच घेतली नाही. विसरली."

मी श्वास सोडला. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण मी तो श्वास सोडला, आणि तो सुटकेचा होता.

सर मात्र आक्कांच्या उशाशी उभे राहिले आणि आक्कांनाच रागावू लागले. "वीस वर्षं सांगतोय तुम्हांला, बाई. गोळी चुकवायची नाही. एवढी एक गोष्ट सांभाळता येत नाही? तुमच्या हलगर्जीपणाने काल जीव गेला असता. मग आमच्या पोरांना दोष." हौसाक्का पडल्या पडल्या ऐकत होत्या. उत्तर द्यायला त्यांच्याकडे तोंडच नव्हतं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही, ते मला दिसलं.

फेरी पुढे सरकली. पुढची खाट. अर्धांगवायूचे एक आजोबा. सर काय बोलले ते मला आठवत नाही. त्याच्या पुढची खाट. झटके येणारी एक मुलगी. वडिलांच्या पलंगाखालची ती पाटी मला दिसत होती, वर्तमानपत्रासकट. चौथ्या खाटेपाशी सरांनी मला काहीतरी विचारलं.

"सर," मी म्हणाले, "गोळी मी थांबवली."

"काय?"

"हौसाक्कांची. त्या विसरल्या नाहीत. मी थांबवायला सांगितलं. प्रॅक्टिससाठी. आणि श्वास मोजला नाही. वहीतला आकडा सांगितला."

सगळी फेरी थांबली. सरांनी विचारलं, "कसली वही?"

एप्रनच्या खिशातून मी ती काढून दिली. त्यांनी चष्मा वर केला, सव्विसावं पान काढलं आणि वाचलं. मला वाटलं, आता वही तोंडावर फेकतील.  पण त्यांनी पानं मागे उलटली, पहिल्या पानापर्यंत, आणि पुन्हा सव्विसाव्यावर आले. निळ्या शाईच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "परीक्षेला बसलो तेव्हा ही वही मीच सुरू केली. त्या वर्षी मला सुवर्णपदक मिळालं."

त्यानंतर ते जे वागले ते मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. ते मागे वळले, चार खाटा चालत आले आणि हौसाक्कांच्या उशाशी थांबले. "बाई, मघाशी मी चुकीच्या माणसाला बोललो," ते म्हणाले. "गोळी तुम्ही चुकवली नव्हती. आम्ही चुकवली." मग केसपेपर मागवून त्यांनी घडलेलं सगळं लिहिलं, खाली मला सही करायला लावली आणि माझ्या सहीच्या खाली स्वतःची केली. अधिष्ठात्यांना पत्र गेलं. त्या वेळच्या परीक्षेला मला बसता आलं नाही. तो फोन मला करावा लागला आणि या वेळी वीस नाही, तीन मिनिटं लागली. वडील म्हणाले, "बाई जगली ना? मग पाटी कुठं पळून जात नाही."

आक्का अकरा दिवस यंत्रावर होत्या. रक्तातला द्रव बदलण्याचे पाच फेरे झाले. नळी निघाली तेव्हा त्यांचा आवाज खरखरीत झाला होता. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "सरळ उबी ऱ्हा. कशापायी बोललीस त्यास्नी? म्या लिवलंतं न्हवं?"

"ते तुम्हांला रागावले, आक्का."

"मला काय, मास्तर रोजच रागवतोय खिचडीला." मग त्या म्हणाल्या, "पर तवा तू पाट फिरवून भितीला बोलत हुतीस न्हवं, तवा लई भ्या वाटलं बग. म्हटलं, आता हिला कोन सांगनार?"

सहा महिन्यांनी मी चारचौघींसारखी पास झाले. आज मीच शिकवते. नवी मुलं येतात आणि पहिल्या आठवड्यात विचारतात, "मॅडम, कुठलं पुस्तक वाचू? प्रश्नसंच कुठला? कुणाच्या नोट्स?" मी नावं सांगते, चांगली पुस्तकं आहेत. ती लाल वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. मागितली तर देते, पण सगळे आकडे मी खोडून टाकले आहेत.

हौसाक्का अजून येतात, दर तीन महिन्यांनी, एसटीने. आता पासष्ट वर्षांच्या आहेत. ओपीडीच्या दारात येतात आणि स्टुलावर बसत नाहीत. पिशवी खाली ठेवतात, पदर सावरतात, छाती भरून श्वास घेतात आणि माझ्याकडे बघत मोठ्याने सुरू करतात. एक, दोन, तीन, चार. बाहेरचे पेशंट हसतात, त्यांना वाटतं म्हातारी खुळी आहे. मी हातातलं पेन खाली ठेवते. चारला माझी नजर त्यांच्या उजव्या हाताकडे जाते, दर वेळी, सतरा वर्षांत एकदाही चुकलेली नाही. पाच. सहा. सात. मी त्यांच्याबरोबर ओठ हलवत मोजते आणि मधे कुणाला बोलू देत नाही.

परवा एकोणतीस झाले.

"झालं?" आक्का म्हणाल्या. "आता बसू का?"